चौसष्ट होड्या

वैजयंताने काढलेले मोर मीरा-भाईंदरमधल्या किती बायकांच्या पाठीवर बसलेत, ते तिलाही सांगता यायचं नाही. नवघर रोडला लग्नाच्या ब्लाउजची जी दुकानं आहेत, त्यांतल्या निम्म्या दुकानांची नक्षी तिच्या हातची. ती भरतकाम करत नाही, खाके करते. बटर पेपरवर पेन्सिलीने नक्षी काढायची, कागद घोंगडीच्या घडीवर ठेवायचा आणि लाकडी मुठीत बसवलेल्या सुईने रेघेवरून बारीक भोकं पाडत जायचं. तो झाला खाका. मग कापडावर खाका पसरून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवला, की खाली ठिपक्याठिपक्यांचा मोर उमटतो. भरतकाम करणारे त्या ठिपक्यांवरून दोरा चालवतात. ठिपके दोऱ्याखाली जातात आणि ते काढणारीही.

उदगीरकडच्या एका गवंड्याची ही मुलगी. एकोणिसाव्या वर्षी श्रीपती सरवदेशी लग्न होऊन पेणकरपाड्यात आली. नवऱ्याचा कारखान्यातला पगार पुरेना, तेव्हा नयानगरच्या एका भरतकामाच्या कारखान्यात मणी ओवायला जाऊ लागली. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी एकदा तिला जेवणाच्या सुट्टीत खडूने फरशीवर वेल काढताना पाहिलं, मण्यांची वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि सुई दिली. त्याला आता बावीस वर्षं झाली. उस्ताद गेले, कारखाना बंद झाला, श्रीपती रिटायर झाला, मुलाचं लग्न झालं. सुई चालूच आहे.

या धंद्याची रीत अशी, की खाका तयार झाला की तो दुकानाचा. दुकानदार तो गुंडाळून कपाटात ठेवतो, दोनदोनशे ब्लाउजवर उतरवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, ‘‘ये हमारा अपना डिज़ाइन है, भाभी.’’ वैजयंता बाजूला उभी असली तरी सांगतो. त्यातही नक्षी कोणती काढायची, ते गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये आधीच ठरलेलं असतं. हाच मोर, हाच हत्ती, ‘सेम टू सेम’. स्वतःच्या मनाने काढलेली एकसुद्धा नक्षी कधी तिच्या नावाने कुठे लागली नव्हती. याचं तिला दुःख होतं असं म्हणणं जास्त होईल. पण एखाद्या लग्नात आपलाच वेल पाठमोरा चाललेला दिसला, की ती जेवायची थांबून बघत राहायची, आणि शेजारची विचारायची, ‘‘काय हो, ओळखीच्या आहेत का?’’

तर एका संध्याकाळी सून ऑफिसातून आली ती खांद्यावरची बॅग न काढता थेट ओट्यापाशी येऊन उभी राहिली. संघप्रिया काशीमिऱ्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरमध्ये आहे. लोकेश, म्हणजे वैजयंताचा मुलगा, नोकरीसाठी आठवडाभर पुण्याला असतो, त्यामुळे सासू-सुनेचं बोलणं त्याच्या मध्यस्थीवाचून व्हायला शिकलं आहे.

‘‘आई, मी आज मीटिंगमध्ये तोंड उघडलं.’’

वैजयंता भाकरीचं पीठ मळत होती. ‘‘कुणाला बोललीस?’’

‘‘बोलले नाही हो. हो म्हणून बसले.’’

कंपनीत हॅकेथॉन होता. म्हणजे टीम करून शनिवार-रविवार दोन दिवस ऑफिसातच बसायचं आणि नवीन ॲप बनवायचं, ज्यांचं भारी त्यांना बक्षीस.

‘‘मग बाकीचे पाच दिवस काय करतात ऑफिसात?’’ बाहेरून श्रीपतीने विचारलं.

‘‘बाबा, थांबा ना जरा. तर आई, यंदाची थीम समुद्राची आहे. टीम म्हणजे जहाज, टीमचा हेड म्हणजे कप्तान, जेवणाची जागा म्हणजे बंदर. हॉलच्या भिंतींना चौसष्ट झेंडे लावायचेत. शिवाय गळ्यात घालायचे बिल्ले. आणि वरून ऑर्डर आलीय की फ्लेक्स नको, प्लास्टिक नको, सगळं हाताने केलेलं पाहिजे. आमचे नीलेश सर म्हणाले, हाताने करणार कोण? सगळे गप्प. आणि मी म्हटलं, माझ्या सासूबाई करतील.’’

‘‘सगळ्यांसमोर सासूबाई म्हणालीस?’’

‘‘मग काय म्हणू?’’

‘‘आर्टिस्ट म्हणायचं,’’ श्रीपती दारात येऊन म्हणाला. ‘‘सासू म्हटलं की लोक घाबरतात.’’

वैजयंताने पिठाचे हात पुसले. ‘‘जहाज कसलं पाहिजे? फोटो दिलाय का?’’

‘‘नाही. तेच तर. तुम्हीच ठरवायचं, तुम्हीच काढायचं.’’

तवा तापला होता, त्याच्याकडे वैजयंताने दोनदा पाहिलं आणि दोन्हीदा भाकरी टाकायची राहिली.

‘‘आणि नाही जमलं तर?’’

‘‘तर फ्लेक्सवाला आहेच, असं सर म्हणालेत.’’

तेवढं एक वाक्य तिला पुरलं. फ्लेक्सवाला आहेच म्हणजे काय?

पण कागदावर काही उतरेना. समोर चित्र न ठेवता काढायचं म्हटल्यावर हाताला एकच होडी ठाऊक निघाली, शाळेच्या पुस्तकातली. खाली वाटी, वर त्रिकोण. तिने वाटी लांब केली, त्रिकोणाचे तीन केले, बाजूने कोयरीसारखी लाट काढली. वाईट नव्हतं दिसत. ब्लाउजवर चाललं असतं. तीस वर्षं ती समुद्रापासून बसच्या एका तिकिटावर राहत होती, मुलाला घेऊन दोन-तीनदा किनाऱ्यावर गेलीही होती. पण तेव्हा तिचं सगळं लक्ष मुलावर आणि हातातल्या चपलांवर. होडी अशी नीट पाहिलीच नव्हती.

‘‘रविवारी उत्तनला जाऊ,’’ तिने संघप्रियाला सांगितलं.

‘‘गूगलवर आहेत ना आई, शेकड्याने.’’

‘‘ते दुसऱ्यांनी पाहिलेलं. ते तर मी रोजच काढते.’’

रविवारी दोघी भाईंदर पश्चिमेहून बस पकडून उत्तनला उतरल्या. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि ओहोटीमुळे बोटी वाळूवर टेकून उभ्या होत्या. वैजयंता वही काढून एका बोटीसमोर उभी राहिली, तशी मासळी वेचत बसलेली एक बाई तिथूनच ओरडली.

‘‘काय गो, मोजणीवाली हाय काय? आमची मोजणी झाली मागल्या वर्षी!’’

‘‘नाही ताई, चित्र काढायचंय.’’

‘‘चित्तर? बघू.’’ ती उठून आली. साठीची, उन्हाने रापलेली, डोक्याला रुमाल, गळ्यात क्रूस. नाव फिलोमिना. वहीतली घरून काढून आणलेली होडी तिने लांब धरून पाहिली. ‘‘ही होडी हाय का पपईची फोड?’’

संघप्रिया फसकन हसली. वैजयंताही हसली, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

‘‘यात मानसं बसतील कुठं? जाळी ठेवतील कुठं? आन् ही शिडं! शिडं माझ्या सासऱ्याच्या टायमाला होती. आता इंजन हाय. ये इकडं.’’ तिने वैजयंताच्या कोपराला धरून तिला बोटीच्या अगदी जवळ नेलं. ‘‘पुढनं उंच का, तर लाट फुटली पायजे. मागनं रुंद का, तर जाळं वढायला चार जनांना उभं ऱ्हायला जागा पायजे. पुढनं बाप्यासारखी ताठ, मागनं बाईसारखी पसरट. काढ आता.’’

वैजयंताने आधी पेन्सिल नाही काढली. ब्लाउजचं माप घ्यावं तशी तळहात टेकवत टेकवत ती फळ्यांवरून पुढपासून मागपर्यंत चालत गेली. पुढचं टोक तिच्या डोक्याच्याही वर होतं. मग बसली. एक काढली, फिलोमिनाने मान हलवली. दुसरी, तिसरी. पाचव्या होडीला ती म्हणाली, ‘‘केबिन पुढं गेली तुझी, नाखवा काय माशांकडं बघत बसंल?’’ सातवी पाहून मात्र तिने वही परत दिली.

‘‘हां. ही पान्यात जाईल.’’

निघताना तिने दोघींच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेले बोंबील कोंबले. बसमध्ये संघप्रिया वही उघडून बघत म्हणाली, ‘‘आई, छान आहे, पण त्यांनी थीममध्ये जहाज म्हटलंय.’’

‘‘जहाज मी पाहिलं नाही. हे पाहिलं.’’

संघप्रियाने होडीचा फोटो काढून नीलेश सरांना पाठवला. उत्तन नाक्याच्या पुढे बस गेली तोवर उत्तर आलं : ‘नाइस. लोकल टच.’

पुढचे बारा दिवस घरात चालायला जागा नव्हती. मांजरपाटाचा तागा आला. श्रीपतीने तो फाडून चौसष्ट तुकडे केले, कात्री न लावता, सरळ धाग्यावर, आणि प्रत्येक तुकडा फाडताना असा काही आवाज काढला की जणू सगळं काम त्याच्यावरच अवलंबून होतं. वैजयंताने कडा मशीनवर दुमडल्या. मग खाके. कंपनीचं नाव इंग्रजीत होतं. खाका उलटा पडला तर अक्षरं उलटी उमटणार, या धास्तीने तिने अक्षरांचा कागद वेगळा केला, त्याच्या कोपऱ्यात लाल खूण केली आणि संघप्रियाकडून तीन-तीनदा वाचून घेतलं. होडीची तिला तेवढी काळजी नव्हती. ती आता हातात बसली होती. निळीचा बोळा फिरायचा, ठिपके उमटायचे, मग त्यावरून ब्रशने गडद निळा रंग. एकही झेंडा दुसऱ्यासारखा हुबेहूब नव्हता आणि सगळे एका घरचे वाटत होते.

‘‘चहाला रॉकेलचा वास येतोय,’’ श्रीपती म्हणाला.

‘‘मग चहा तुम्ही करा.’’

त्याने केला. तेव्हापासून उरलेले सगळे दिवस तो त्यानेच केला, आणि वासाचं नाव काढलं नाही.

शुक्रवारी दुपारी चादरीची दोन गाठोडी रिक्षात घालून वैजयंता ऑफिसात पोचली. गेटवरच्या वॉचमनने वहीत तिचं नाव लिहिलं आणि कामाच्या रकान्यात ‘डिलिव्हरी’. तिने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं आणि गाठोडी उचलली.

नीलेश सर म्हणजे पस्तिशीचा, टी-शर्टातला हसरा माणूस निघाला. ‘‘या या, आंटी! संघप्रियाने हाइप खूप केलीय तुमची.’’ टेबलावर झेंडे पसरले. तो एकेक उचलून पाहू लागला, रंगावरून बोट फिरवू लागला, ‘‘सुपर, सुपर,’’ म्हणू लागला. मग मध्येच थांबला. दोन झेंडे शेजारी शेजारी ठेवून बघत राहिला.

‘‘आंटी, ह्यातल्या अर्ध्या होड्या उलट्या आहेत.’’

‘‘उलट्या कशा असतील? पाणी खाली आहे की.’’

‘‘तसं नाही. ही बघा, उजवीकडे चाललीय. आणि ही डावीकडे.’’

‘‘हो. बत्तीस इकडच्या, बत्तीस तिकडच्या.’’

‘‘पण आम्हाला सगळ्या उजवीकडेच पाहिजेत ना. कंपनीचा नियमच आहे तो. डावीकडे तोंड म्हणजे मागे जाणं. आम्ही मागे चाललोय असं दिसेल.’’

वैजयंताने होड्यांकडे पाहिलं, आणि त्या दोन दिशांना का चालल्यात, हे बारा दिवसांत पहिल्यांदा तिने स्वतःला विचारलं. जोडी करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ठरवलंही नव्हतं. ब्लाउजच्या बाहीवर मोर काढायचा तर कागद दुमडायचा आणि दोन्ही पदरांतून एकदमच सुई मारायची. उलगडला की एक मोर उजव्या बाहीचा, एक डाव्या. एकटा मोर कुणी मागतच नाही. बावीस वर्षं हात तेच करत आला होता, त्याने होडीलाही तेच केलं. अक्षरांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला आणि होडी बाजूने निघून गेली.

‘‘सर, मीपण रोज बघत होते,’’ संघप्रिया म्हणाली, ‘‘माझ्यापण लक्षात नाही आलं.’’ तिचा आवाज लहान झाला होता.

‘‘अरे, नो प्रॉब्लेम. टेन्शन नका घेऊ, आंटी. बत्तीस लावू आपण. बाकीच्या बत्तीस फ्लेक्सवाला संध्याकाळपर्यंत देईल, वर काय सांगायचं ते मी बघतो. त्याला ह्याचाच फोटो पाठवतो, सेम टू सेम करेल तो.’’

माणूस चांगला होता, चिडलाही नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. पुन्हा रंगवायचं म्हटलं तर रंग वाळायलाच एक दिवस हवा आणि कार्यक्रम सकाळी. वैजयंता झेंडे गोळा करू लागली. उजवे एकीकडे, डावे एकीकडे. डाव्यांची चळत चादरीत ठेवली, गाठ मारायला चादरीची टोकं उचलली. आपली होडी फ्लेक्सवर. तीच होडी, मशीनमधून सरकन निघालेली, चकचकीत. आणि ही गाठोड्यात घरी.

गाठ तिने मारली नाही.

‘‘लावणार कुठे आहात?’’ तिने विचारलं. ‘‘हॉल बघू का एकदा?’’

हॉल लांबट होता. मागे दार, पुढे स्टेज, दोन्ही बाजूंना कोऱ्या भिंती. वैजयंता दारात उभी राहिली आणि कुणी ब्लाउज घालून समोर उभं राहिल्यावर पाहावं तशी आधी डावी, मग उजवी भिंत पाहत राहिली. बराच वेळ. नीलेश सर घड्याळ बघू लागले.

‘‘सर, जरा मध्ये उभे राहता? तोंड स्टेजकडे.’’

तो हसत उभा राहिला. वैजयंताने नियमातली, उजवीकडे जाणारी होडी घेतली आणि डाव्या हाताच्या भिंतीवर धरली. ‘‘ही कुठे चाललीय?’’

‘‘स्टेजकडे.’’

तोच झेंडा घेऊन ती चालत समोरच्या, उजव्या हाताच्या भिंतीपाशी गेली, तिथे धरला. ‘‘आणि आता?’’

नीलेश सरांनी मान वळवली. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

‘‘दाराकडे,’’ तो म्हणाला.

‘‘म्हणजे एका भिंतीवर तुमची कंपनी पुढे चाललीय आणि दुसऱ्या भिंतीवर घरी.’’

संघप्रियाने तोंडावर हात ठेवला. वैजयंताने झेंडा बदलला. डावीकडे जाणारी होडी त्याच भिंतीला टेकली आणि तिचं उंच टोक सरळ स्टेजकडे वळलं.

‘‘ओ तेरी!’’ नीलेश सर म्हणाले. मग जीभ चावून, ‘‘सॉरी, आंटी. म्हणजे हे तुम्ही आधीच ठरवलं होतं?’’

हो म्हणायला काही हरकत नव्हती. संघप्रिया तर डोळ्यांनी सांगत होती की म्हणा.

‘‘नाही,’’ वैजयंता म्हणाली. ‘‘सवयीने झालं. मी बाह्यांची कामं करते ना. दोन्ही बाह्या पुढेच बघाव्या लागतात, नाहीतर गिऱ्हाईक परत आणून देतं.’’

तो मोठ्याने हसला आणि तिथूनच त्याने फ्लेक्सवाल्याला फोन लावला. ‘‘भाई, वो बत्तीस वाला रहने दो. नहीं नहीं, हो गया.’’

संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून चौसष्ट होड्या लावल्या. स्टुलावर वैजयंता चढली. नीलेश सर ‘‘आंटी, मी चढतो,’’ म्हणत राहिले, पण त्यांनी लावलेला पहिला झेंडा तिरका गेला होता.

रविवारी बक्षीस समारंभाला ती गेली, ठेवणीतली निळी साडी नेसून. दोन दिवस हॉलमध्ये बसून मुलांचे डोळे सुजले होते, गळ्यात तिने केलेले बिल्ले होते, आणि एकीने तर बिल्ल्याची सुतळी केसांना बांधली होती. एक मुलगा कोपऱ्यात झोपला होता, त्याच्या डोक्यावर तीन होड्या चालल्या होत्या. वैजयंता मागच्या खुर्चीवर बसून भिंती बघत होती. सातव्या झेंड्यावर रंग जरा ओघळला होता. ते तिच्याशिवाय कुणाला दिसणार नव्हतं, आणि तिला ते सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. बाकीचं सगळं बरं होतं. खूपच बरं होतं.

समारंभ संपला आणि मुलांनी धडाधड झेंडे काढायला सुरुवात केली. आठवण म्हणून प्रत्येकाला एक हवा होता. नीलेश सर गर्दीतून वाट काढत तिच्याकडे आले.

‘‘आंटी, हिट झालं सगळं. एक काम करा, तो भोकांचा कागद आहे ना, तो आम्हाला देऊन ठेवा. पुढच्या वर्षी आम्हीच कुणाकडून तरी उतरवून घेऊ. तुम्हाला त्रास नको.’’

खाका तिच्या पिशवीतच होता. हात पिशवीत गेलाही; बावीस वर्षं याच क्षणी तो जात आला होता. कागदाची गुंडाळी बोटांना लागली. तिने हात तसाच ठेवला.

‘‘तो माझ्याकडे राहील,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे, काम कंपनीचं होतं ना, म्हणून म्हटलं...’’

‘‘सर,’’ संघप्रिया मध्ये बोलली, आणि या वेळी तिचा आवाज लहान नव्हता, ‘‘झेंडे कंपनीचे. होडी आईंची आहे. पुढच्या वर्षी लागल्या तर त्यांनाच सांगा ना.’’

नीलेश सरांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. ‘‘ओके, ओके. बरोबर आहे.’’ फोन काढत म्हणाले, ‘‘मग पोस्टमध्ये नाव टाकतो. पूर्ण नाव काय, आंटी?’’

वैजयंताने सांगितलं. तो टाइप करत असताना ती बघत राहिली, आणि ‘सरवदे’च्या ठिकाणी त्याने ‘सर्वदे’ केलं तेव्हा दुरुस्तही करायला लावलं.

बाहेर पडल्यावर दोघी रिक्षा न करता चालत निघाल्या. ‘‘जिंकलं कोण गं?’’ वैजयंताने विचारलं.

‘‘ती खिडकीपाशी बसलेली टीम. पार्किंगचं ॲप केलं त्यांनी.’’

‘‘पार्किंग? दोन दिवस होड्यांखाली बसून?’’

संघप्रिया हसत सुटली ती नाक्यापर्यंत. वैजयंताचंही हसू थांबेना, एकदा तर तिला विजेच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं.

घरी श्रीपती फोन घेऊन दारातच बसला होता. संघप्रियाने पाठवलेला फोटो त्याला पोचला होता. खाली लिहिलं होतं, ‘डिझाइन : वैजयंता सरवदे’. तो त्याने उदगीरच्या नातेवाइकांना पाठवला होता, लोकेशला पाठवला होता, जुन्या कारखान्यातल्या मित्रांना पाठवला होता आणि बिल्डिंगच्या टँकरच्या ग्रुपवरही टाकला होता.

‘‘टँकरच्या ग्रुपवर कशाला?’’ वैजयंता म्हणाली. ‘‘तिथे लोक पाणी कधी येणार ते विचारतात.’’

‘‘विचारू देत. अकरा जणांनी अंगठा दिलाय. सेक्रेटरीनेसुद्धा.’’ त्याने फोन पुढे केला. ‘‘आणि एकीने विचारलंय, ब्लाउजवर काढून मिळेल का म्हणून.’’

वैजयंताने फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि उंबऱ्यात उभ्याउभ्याच पहिल्यापासून वाचायला लागली.